हुमितेची घडी

आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी निवडणुकीच्या सुट्टीआधी एक काम लावून दिलं होतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा हंगाम तुम्हाला कसा वाटला, त्यावर स्वतःचे विचार लिहून आणा. मी दोन पानं खरडून दिली. त्यात लोकशाही होती, तरुण पिढी होती, जबाबदारी तर ठासून भरलेली होती. सरांनी खाली 'छान' असा शेरा मारला. माझे खरे विचार मात्र त्या दोन पानांत नव्हते. ते वाचले असते तर सर आधी पोट धरून हसले असते आणि मग या मुलीची कुठे तक्रार करावी, असा प्रश्न त्यांना पडला असता. म्हणून ते इथे लिहितेय.

पहिल्या फेरीत उमेदवार इतके होते की मतपत्रिका टेबलावर अंथरून वर चार माणसं जेवू शकली असती. दुसऱ्या फेरीत उरले दोनच. एकाचं चिन्ह किटली, दुसऱ्याचं शिडी. त्यांना नावंही होती, पण आमच्या घरात ती कोणी घेत नसे. एदिलबेर्तो मामा किटलीचा आणि माझी आई शिडीची. सख्खी भावंडं, तार्मा या आमच्या गावात एकाच अंगणाच्या दोन टोकांना राहणारी, आणि दुसरी फेरी जाहीर झाल्यापासून एकमेकांशी एक अक्षर न बोलणारी.

मामा तीनचाकी चालवतो. गाडीत शिडीवाला बसला की रस्त्यातला एकही खड्डा तो चुकवायचा नाही. आई केस कापते. तिच्या खुर्चीत बसून कोणी किटलीचं कौतुक केलं की त्याच्या कपाळावरची झुलपं तिरकी कापली जायची. गावात निम्म्या लोकांची कंबर धरलेली आणि निम्म्यांची झुलपं वाकडी, अशा थाटात आमची लोकशाही चालली होती.

मी शिकायला वान्कायोला असते; ही मजा पाहायला तिथून शनिवार-रविवार घरी यायचे. आल्या आल्या माझा निरोप्या व्हायचा.

"नोएमी, तुझ्या मामाला सांग, त्याची गाडी माझ्या दारातून काढ म्हणावं."

"नोएमी, तुझ्या आईला सांग, दार तिचं असेल, अंगण दोघांचं आहे."

दोघं एकमेकांपासून दोन हातांवर उभी. मधे वाळत घातलेली चादर. मी चादरीकडे बघून म्हणायचे, "ऐकलं का दोघांनी?" आणि सटकायचे.

या दोघांच्या मधे आमची आजी, सातुर्निना. बाजाराच्या कोपऱ्यावर हुमिता विकते. मक्याचं वाटण, आत चीजचा तुकडा, मक्याच्या सालीत बांधून वाफवलेलं. वयाची सत्तरी ओलांडली की आमच्याकडे मत देण्याची सक्ती नाही, आणि आजीने ती ओलांडून जमाना झाला. तरी ती एकही निवडणूक चुकवत नाही. वाचता न येणाऱ्यांना या देशात फार उशिरा मत मिळालं. आजी तेव्हा चाळिशीला टेकली होती. त्यामुळे मताच्या बाबतीत ती जरा हावरट आहे.

आणि त्या एका मतावर दोन्ही पोरांचा डोळा होता. कधी नव्हे तो मामा सकाळी उठून तिची टोपली कोपऱ्यावर पोचवायला लागला. आईने तिला लोकरीचं नवं पांघरूण आणलं. एका शनिवारी मी माझ्या कानांनी ऐकलं. सकाळी मामा टोपली उचलत म्हणाला, "आई, मग मत कुणाला?"

"तुझ्या किटलीलाच रे राजा. आणखी कुणाला?"

संध्याकाळी पांघरूण खांद्यावर घालत आईनेही तेच विचारलं.

"शिडीलाच गं बाई. हे काय विचारणं झालं?"

मी तिला एकटीला गाठलं. "आजी, मत एक आहे."

"मला मोजता येतं."

"मग दोघांना कसं कबूल केलंस?"

"दोघंही माझीच ना?" ती म्हणाली. "आणि टोपली जड असते गं."

मी हसले खरी, पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे दारूबंदी असते. मामा अंगणात बसून किटलीतून कपात ओतून काहीतरी पीत होता. त्या 'चहा'ला फेस येत होता. दोन कप झाल्यावर तो चादरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "नोएमी, तुझ्या आईला सांग. आमच्या आईने शिडीला मत दिलंय असं मला कळलं ना, तर मी या अंगणात भिंत बांधतो. विटा बघून आलोय."

चादरीपलीकडून आवाज आला, "तुझ्या मामाला सांग, भिंत मीच बांधते. आईने किटलीला दिलं असेल तर तिने त्याच्याकडेच जेवावं. दोन्ही वेळा."

विटा खरंच आल्या होत्या. मी फाटकाशी पाहिल्या. आजी खोलीच्या दारात बसून मक्याच्या साली निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते. मला त्या रात्री पहिल्यांदा दोघांचाही मनापासून राग आला. या बाईने दोघांना मक्याच्या पिठावर वाढवलं आणि आता ही दोघं तिला मतपत्रिकेवरच्या एका फुलीसाठी वाटून घेणार होती.

आता रविवार.

आमच्याकडे मतदान उघडतं तेव्हा रांग नसते. गर्दी असते, रांग नसते. प्रत्येक टेबलावर चिठ्ठ्या काढून निवडलेले तीन नागरिक बसवतात. त्यांतला एखादा आला नाही की रांगेत जो पुढे सापडेल त्याला धरून बसवतात, आणि मग त्याचा दिवस गेला. म्हणून सकाळी शाळेच्या फाटकासमोर सगळं गाव जमतं आणि मत द्यायला आल्याचं कोणी कबूल करत नाही. कोणी पावात डुकराचं मांस घालून खातंय, कोणी गरम काढा पितंय, कोणी केव्हापासून एकाच बुटाची नाडी बांधतंय. सगळ्यांचा एक डोळा फाटकावर, पहिला बकरा कोण जातो ते बघायला.

"चल," आजी म्हणाली.

"आत्ता? आजी, थांब जरा. टेबलं भरू देत."

"मला कोण धरतंय? माझ्या हुमिता पातेल्यात आहेत. चल, हात दे."

तिला कोणी धरणार नव्हतं, हे खरंच. मी तिचा हात धरून फाटकात शिरले. मागे एउदोसियाबाईही निघाल्या. त्यासुद्धा आजीच्याच वयाच्या, समोरच्या कोपऱ्यावर हुमिता विकणाऱ्या. आजीने निळा एप्रन घेतला की त्यांनी निळा घ्यायचा, आजीने पाटी रंगवली की त्यांनी रंगवायची. आजी त्यांना 'माझी सावली' म्हणते, आणि प्रेमाने म्हणत नाही.

आत निवडणूक कर्मचाऱ्यांचं जाकीट घातलेली एक मुलगी उभी होती. तिने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा उजळला.

"ताई, तुम्ही शिकता का?"

"मी हिला सोडायला आलेय. माझं टेबल शेजारच्या वर्गात आहे."

"शिकता ना? अक्षर बरं आहे ना? या, या."

फाटकाबाहेर टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. बुटाची नाडी बांधणारा माणूस ताठ उभा राहिला आणि सगळं गाव गोगलगाईसारखं रांगेत सरकायला लागलं.

तर मी त्या टेबलावर बसले. टेबलाचे अध्यक्ष दंतवैद्य पालोमिनो. तिसरी एक फारच लाजरी मुलगी, ग्लादिस तिचं नाव. आमची पहिली मतदार माझीच आजी. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पालोमिनोंनी खाकरून पाहिलं. अखेर ती आली, कागद पेटीत टाकला, पेटीवर एक थाप मारली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. तिच्यामागून एउदोसियाबाई.

दुपारी शेजारच्या वर्गात जाऊन मीही मत देऊन आले. सगळा हंगाम मी घरात बजावून सांगितलं होतं की मी कोरा कागद टाकणार, कारण किटलीला बूड नाही आणि शिडीला पायऱ्या नाहीत. हे वाक्य मला फार आवडलं होतं. आडोशामागे मात्र मला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला.

संध्याकाळी दारं बंद झाली आणि मोजणीला पक्षांचे प्रतिनिधी आले. किटलीतर्फे एदिलबेर्तो मामा. शिडीतर्फे माझी आई. आजीचं टेबल हेच, म्हणून दोघांनी हट्टाने हेच मागून घेतलं होतं. वर्ग पहिलीचा होता. दोघं बोटभर उंचीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून, फळ्याच्या दोन बाजूंना बसली. मामा मला म्हणाला, "नोएमी, तुझ्या आईला सांग, तिची सावली टेबलावर पडतेय."

"इथे कोणी कोणाचं काही नाही," पालोमिनो कडाडले. "बोलायचं नाही."

पेटी उलटी केली. आधी घड्या न उघडता कागद मोजायचे, मतदारांइतके भरतात का बघायचं, मग एकेक उघडून वाचायचा, असा नियम. आम्ही तिघं मोजायला लागलो आणि माझ्या हातात ती घडी आली.

दोन्ही कडा आत, शेपूट वर दुमडून पोटात खोचलेलं. नखाशिवाय उघडणार नाही अशी. आमच्या घरात हुमिता अशीच बांधतात. आजी तर सगळंच तसं बांधते: विजेचं बिल, औषधाची पुडी, माझे मोजे. ही घडी मी ओळखते, मामा ओळखतो, आई ओळखते. आणि थोड्याच वेळात पालोमिनो ती नखाने उघडून दोघांच्या नाकासमोर धरणार होते.

 फाटकाशी रचलेल्या विटा मला दिसायला लागल्या. मी हळूच वर पाहिलं. मामा आईवर लक्ष ठेवून होता, आई मामावर. माझ्या हातांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

कागद लपवणं हा गुन्हा. फाडणं हा गुन्हा. बदलणं तर फारच मोठा गुन्हा. पण कागद मोजायचे म्हणजे हातात घ्यावेच लागतात, आणि हातात घेतलेल्या कागदाची विस्कटलेली घडी नीट करणं, याला कोणी काय म्हणणार? मी सहा वर्षांची असल्यापासून हुमिता बांधते. डोळे मिटून बांधते. पुढचा कागद उचलला, न उघडता दोन्ही कडा आत घेतल्या, शेपूट खोचलं, ढिगात टाकला. त्याच्या पुढचा तसाच. मग दोन सोडले, एक बांधला.

शेजारी ग्लादिस थांबली होती. ती माझ्या बोटांकडे बघत होती. मेले, असं मला वाटलं. दिवसभरात ती चार शब्दही बोलली नव्हती. ती माझ्याकडे झुकली आणि कुजबुजली, "शेपूट कसं खोचतात?"

मी दाखवलं. तिला लगेच जमलं.

मोजणी जुळली. पालोमिनोंनी उघडायला सुरुवात केली. साध्या घड्या झाल्या, आणि मग ती. मामाने मान पुढे काढली. आईचा श्वास मला ऐकू आला. दंतवैद्याने कडेला नख घातलं, शेपूट उपटलं, आणि ओरडले, "किटली!"

मामाचे डोळे भरून आले. खरंच सांगते. त्याने रुमाल काढला आणि आईकडे अशा कीवेने पाहिलं की मला त्याला चिमटा काढावासा वाटला. आईचा चेहरा पडला होता. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

दोन कागद गेले. पुन्हा तीच घडी. "शिडी!"

आई बाकावरून उठलीच. मामाचा रुमाल हवेत राहिला. मग आणखी एक. "किटली!" आणखी एक. "कोरं!" आणखी एक, त्यात दोन्ही चिन्हांवर फुली मारून खाली कोणीतरी गाढव काढलेलं. चांगलं काढलं होतं.

"हे काय चाललंय?" पालोमिनो घाम पुसत म्हणाले. "या गावाला साधा कागद दुमडता येत नाही?"

"पहिलीच आईची," मामा म्हणाला. माझ्याकडे बघून नव्हे. चादरीकडे बघून नव्हे. थेट आईकडे बघून.

"डोळे गहाण टाकलेस का एदिल?" आई म्हणाली. "ती किती ढिली होती! आईची घडी कधी ढिली असते? दुसरी बघ, दुसरी. नख मोडलं असतं यांचं."

"आई म्हातारी झालीय. बोटं थरथरतात तिची."

"थरथरतात? काल दीडशे हुमिता बांधल्या तिने. तू मुळी असतोस कुठे घरात? तुला काय माहीत?"

"मला काय माहीत? रोज टोपली कोण नेतं?"

"टोपली नेतोस म्हणून तुला घडी कळते?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा ती एकमेकांशी बोलत होती. भांडत होती, पण माझ्यातून नव्हे. पालोमिनोंनी दोघांना बाहेर काढायची धमकी दिली तेव्हा ती गप्प बसली, आणि मग प्रत्येक घडीला हातांनी खुणा करून वाद घालत राहिली. घरी जातानाही तेच. मी थकून मागून चालत होते. पुढे मामा रस्त्यातच उभा राहून जुन्या पत्रकाच्या कागदावर आईला दाखवत होता की आजी शेपूट कसं खोचते, आणि आई त्याच्या हातातून कागद ओढून म्हणत होती, "आण इकडे. लहानपणीही तुला कधी जमलं नाही."

देशात कोण जिंकलं ते सांगत बसत नाही. ज्यांनी त्याला मत दिलं, त्यांनाही आता त्याची आठवण करून दिलेली आवडत नाही.

घरी आजी चुलीशी बसली होती. त्या दोघांना अंगणात वाद घालत सोडून मी तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "कोणती घडी?"

"तुझी. हुमितेची."

"मी कागद तसा बांधला? वेडी का खुळी? माझी दोन पोरं तिथे घारीसारखी बसणार, हे मला कळत नव्हतं? त्या जाकीटवाल्या पोरीने सांगितल्या तशा साध्या घड्या घातल्या मी."

 "मग ती कोणाची?"

आजीच्या तोंडाचा चंबू झाला. "एउदोसिया! माझ्या मागेच होती. मेलीने एप्रन उचलला, पाटी उचलली, आता घडीसुद्धा उचलली!"

मला हसू आवरेना. एउदोसियाबाईंच्या मतासाठी मी दिवसभर राबल्यावर एवढी मोठी कारस्थानं केली होती. आजीही हसायला लागली, खांदे हलवत, आवाज न करता. हसून झाल्यावर तिने एक हुमिता सोलून माझ्या हातात दिली.

"पहिल्यांदा मत मिळालं ना," ती म्हणाली, "तेव्हा तुझ्या आजोबांनी आदल्या दिवशी माझा हात हातात धरून फुली गिरवून घेतली होती. कोणत्या चिन्हावर मारायची तेही दाखवलं. मी आडोशामागे गेले. तिथे कोणी नव्हतं गं. नवरा नाही, पोरं नाहीत, गिऱ्हाईक नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी तशी एकटी कधीच उभी राहिले नव्हते. बाहेरून हाका मारायला लागले तरी मी निघेना."

"मग? त्यांनी सांगितलेल्या चिन्हावरच मारलीस?"

आजीने चुलीत एक काटकी सारली. "मरेपर्यंत विचारत होता बिचारा," ती म्हणाली. "मी म्हणायचे, तुझ्याच रे."

 सकाळी पेटीवर मारलेली ती थाप मला आठवली.

तेवढ्यात मामा आत आला. आई पाठोपाठ. दोघांनी बसायला एकच बाकडं ओढलं आणि हुमितेच्या पातेल्यात एकदम हात घातला. विटांचं नाव कोणी काढलं नाही. पुढे त्या विटांची आजीला बसायला कोपऱ्यावर छान बैठक झाली.

"ते जाऊ दे," मामा माझ्याकडे वळून म्हणाला. "तू खरंच कोरा टाकलास? की शहाणी झालीस?"

"मलाही सांग," आई म्हणाली. "मामाला घाबरू नकोस."

मी मामाकडे पाहून म्हटलं, "किटली." मग तो दुसरी हुमिता घ्यायला वाकला तेव्हा आईच्या कानात म्हटलं, "शिडी."

दोघंही खूश झाली. आजीने सगळं पाहिलं होतं. तिने पातेल्यातली सगळ्यात मोठी हुमिता काढून माझ्यापुढे ठेवली, आणि मला काही विचारलं नाही.